सहा विसा आणि अकरा पावलं

"ओ बाई, बाजूले व्हा! पोरींले उड्या मारायच्या हायेत इथून!"

मी खुर्चीवरून ओरडलो, तरी त्या बाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. लांब उडीच्या धावपट्टीवरून ती वाळूच्या खड्ड्याकडे पाठ करून चालली होती. अंगठ्याला टाच, टाचेला अंगठा, मध्ये केसाचीही फट नाही. पाय अनवाणी. डाव्या हाताची चार बोटं मुडपलेली. मी पुन्हा ओरडलो तेव्हा तिनं उजवा हात नुसता वर केला, पोथी वाचणारा माणूस मध्येच कुणी बोललं की करतो तसा. आणि यवतमाळच्या त्या मैदानावर, जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेचा अधिकृत पंच असलेला, शर्टाला बिल्ला लावलेला मी मुकाट्यानं गप्प बसलो.

थोडं पुढं जाऊन ती थांबली. पदराच्या गाठीतून एक लाल चिंधी काढली, पट्टीच्या कडेला खिळ्यानं रोवली आणि हाक मारली, "राखी! ये वं. चार विसा आन् सात."

माझी ओळख करून द्यायला फार शाई लागणार नाही. नंदकिशोर माझं नाव. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, कारकून म्हणूनच निवृत्त झालो. बढती एकदा आली होती, पण ती गडचिरोलीला होती म्हणून मी तिला नमस्कार केला. रविवारी आणि रजा टाकून मी ॲथलेटिक्सचा पंच व्हायचो. त्यातही माझं काम एकच. वाळूच्या खड्ड्याआधी जमिनीत एक पांढरी लाकडी पट्टी बसवलेली असते, तिला बोर्ड म्हणतात. उडी त्या बोर्डावरून घ्यायची. बोटाचं टोक जरी बोर्डाच्या पुढं गेलं तरी उडी बाद. मी त्या बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसायचो. पाय मागं राहिला तर पांढरं निशाण, पुढं गेला तर लाल. तीस वर्षं हेच केलं. उडी मारणारी माणसं माझ्या डोक्यावरून उडून जायची आणि मी खाली त्यांचे पाय बघत बसायचो. माझी बायको रजनी म्हणते, "तुम्हाला जगातल्या सगळ्या पोरी घोट्यापर्यंतच ठाऊक."

तर त्या दिवशी ढाणकीच्या शाळेतले सुनील सर धावत आले.

"माफ करा नंदूभाऊ. आमच्या पोरीची माय हाय ते. हंसाबाई आडे, तांड्यावरची. मोजल्याबिगर आयकत नाही."

"पण टेप नाही का तुमच्याजवळ?"

"होता. उंदरानं खाल्ला."

लांब उडी मारणाऱ्याला दरवेळी नेमक्या त्याच अंतरावरून धावत यावं लागतं. तरच शेवटचं पाऊल बोर्डावर पडतं. ते अंतर मोजायला टेप नसला तर पोरं स्वतःच्याच पावलांनी मोजतात. मी सरांना तेच म्हटलं, "मग पोरीच्या पायानं मोजा न."

उत्तर सरांनी नाही, हंसाबाईनं दिलं. ती पट्टीवरून बाहेर येऊन माझ्यासमोर उभी होती. चाळिशीची असेल. कोपरापर्यंत बांगड्या, कपाळाला गोंदण.

"पोरीचा पाय वाढून राह्यला, सायेब. दिवाळीले एक माप, होळीले दुसरं. माहा पाय आता काय वाढते?"

मी नियमांचं पुस्तक पाठ केलेला माणूस. मनातल्या मनात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाऊन आलो. आईच्या पायाबद्दल त्यात कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.

मग ती पोरगी आली. तेरा वर्षांची. मला अर्थात पायच दिसले. भेगाळलेल्या टाचा, उजव्या घोट्याला काळा दोरा. बाकीच्या पोरी बोर्डाजवळ आल्या की घाबरून बारीक बारीक पावलं टाकायच्या. हिचे पाय जवळ येता येता मोठेच होत गेले. बोर्डावर पाय पडला त्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, सुक्या पाटीवर ओली वीट आपटावी तसा. आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. पुष्कळ वेळ. निदान मला तरी तो पुष्कळ वाटला. वाळूत ती पडली तेव्हा मी निशाण वर करायचंच विसरलो होतो.

"नंदूभाऊ, झोपले काय?" मुख्य पंच खेकसले.

मी खाली वाकून पाहिलं. बोर्डाच्या कडेपासून बोट दोन बोटं मागं. मी पांढरं निशाण उभारलं. टेपवाल्यांनी चार मीटर शहाऐंशी असं ओरडून सांगितलं आणि मग स्वतःवरच विश्वास न बसून पुन्हा मोजलं. आमच्या जिल्ह्यात त्या वयाच्या पोरी चारच्या आसपास पडायच्या. मी हंसाबाईकडे पाहिलं. ती खड्ड्याकडे बघतच नव्हती. धावपट्टीवर वाकून ती आपला खिळा आणि चिंधी काढून घेत होती, कुणी नेईल म्हणून.

त्या दिवशी घरी जाऊन मी रजनीला सांगितलं, "आज मी एक पाय पाहिला."

"एकच?" ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

पुढची सात वर्षं मी तो पाय जिथं भेटेल तिथं भेटत गेलो. राखी वाढली तशी तिची धाव लांबली. पाच विसा झाल्या, पाच विसा आणि तेरा झाल्या, आणि अठराव्या वर्षी सहा विसा आणि अकरावर येऊन ठरल्या. एकशे एकतीस पावलं. हंसाबाईला वीसपर्यंतच मोजता यायचं. वीस झाले की डाव्या हाताचं एक बोट मुडपायची आणि पुन्हा एकपासून सुरू. पाच बोटं संपली की सहावी वीस ती मनात धरायची. या सगळ्यात कुणी हाक मारली, कुणी हसलं, तर तिचा उजवा हात वर जायचा. मोठमोठे लोक त्या हातापुढं थांबलेले मी पाहिलेत.

ती प्रत्येक स्पर्धेला यायची. ढाणकीहून उमरखेड, उमरखेडहून पुढं मिळेल ती एसटी. सोबत भाकरी, लसणाची चटणी आणि पदरात लाल चिंधी. चपला असायच्या तिच्या, झिजलेल्या प्लास्टिकच्या, पण मैदानाच्या दोरीपाशी आली की ती त्या काढून ठेवायची, देवळाच्या पायरीशी काढतात तशा.

राखीला पुण्याच्या वसतिगृहात घेतलं तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी तिला लोखंडी टेप दिला आणि आईची पावलं आता पुरेत म्हणून सांगितलं. हंसाबाई एकदा पुण्याला गेली असताना त्यांनी गंमत म्हणून तिला मोजायला लावलं आणि मागून टेप धरला. अठ्ठावीस मीटर ब्याऐंशी. पुन्हा मोजायला लावलं. अठ्ठावीस ब्याऐंशी. तिसऱ्यांदा मोजायला लावलं तेव्हा ते हसत नव्हते. ही गोष्ट मला सुनील सरांनी सांगितली आणि मी ती खात्यातल्या प्रत्येक टेबलाला सांगितली. तेव्हापासून एक ठरून गेलं. आई नसेल तिथं टेप, आई असेल तिथं टेप पिशवीत.

राखीच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून पेपरातलं एक कात्रण चिकटवलेलं होतं. फिलिपिन्सची कुणी लांब उडीवाली, हवेत, पाय पुढं फेकलेले. आशियातल्या कुठल्याशा स्पर्धेत जिंकली होती. राखी सांगायची, "सर, पाहा न, आपल्यासारखीच सावळी हाय. उंचीनंही आपल्यासारखीच." हंसाबाईनं ते चित्र खूप वेळ बघून एकच विचारलं होतं, "हिची याडी कुठं हाय? हिचं कोण मोजते?" याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई.

राखी विसाव्या वर्षापर्यंत पाच मीटर एक्क्याण्णववर पोहोचली. आता फक्त सहा मीटर उरलं होतं. सहा मीटर उडी मारली की राष्ट्रीय शिबिरात जागा, आणि तिथून पुढं त्या कात्रणातल्या बाईच्या गावाला जाणारा रस्ता. नऊ सेंटीमीटर हवे होते. माझ्या हाताची वीतसुद्धा नाही.

त्या वर्षी राज्याची निवड चाचणी यवतमाळलाच भरली. एप्रिल महिना. सकाळी नऊलाच मैदान तव्यासारखं तापलेलं. प्रत्येकीला तीनच उड्या. मी बोर्डापाशी माझ्या खुर्चीवर, डोक्यावर ओला रुमाल. समोर दोरीपलीकडं आख्खा तांडा बसलेला. एक टेम्पो करून सगळे आले होते. शेजारच्या मानीबाई, लालीबाई, म्हातारे, लेकुरवाळ्या. आपल्या मातीत, आपल्या पोरीची उडी म्हटल्यावर कोण घरी राहील?

हंसाबाई आली. पायात नव्या चपला. चामड्याच्या, लालसर, पट्ट्यावर पितळी फूल. राखीनं शिष्यवृत्तीतून उमरखेडच्या दुकानातून घेतलेल्या. आयुष्यभर पाय बघत आलेला माणूस मी, त्या चपला माझ्या नजरेतून कशा सुटतील? छान होत्या. दोरीपाशी येऊन सवयीनं ती काढायला वाकली, तर राखी म्हणाली, "याडी, काढू नको. पाय भाजतीन. तशीच ये."

हंसाबाईनं एकवार तांड्याकडं पाहिलं. सगळ्या बाया तिच्या पायांकडंच बघत होत्या. मानीबाईनं तोंडाला पदर लावून काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. हंसाबाई लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखी. आणि चपला घालूनच धावपट्टीवर आली. अंगठ्याला टाच, टाचेला अंगठा. एक बोट, दोन बोटं. तांडा जीव मुठीत धरून बघत होता. पहिल्यांदाच ते लोक तिचं हे काम बघत होते. पाचवं बोट मुडपलं, सहावी वीस झाली, वर अकरा. खिळा रोवला.

राखीची पहिली उडी. ती निघाली तेव्हाच मला कळलं की आज काही वेगळं आहे. पायांखालची जमीन पळत होती. पण शेवटचं पाऊल बोर्डावर आलंच नाही. बोर्डाच्या कितीतरी मागं, नुसत्या मातीवर पडलं आणि तिथूनच ती उडाली.

मी इतकी वर्षं खाली बघत आलो. त्या वेळी मात्र मान वर गेली. ती माझ्यावरून गेली तेव्हा उन्हाचा तुकडा झाकला गेला. तेवढाच आठवतो. मग पलीकडं वाळू उडाली.

टेपवाल्यांनी सांगितलं, पाच मीटर अठ्ठावन्न. लांब उडी बोर्डापासून मोजतात. पाय कुठून उचलला त्याच्याशी टेपला देणंघेणं नसतं. पण मला होतं. तिच्या बोटाचा ठसा मातीत स्पष्ट होता. कुणी बघत नाही असं पाहून मी खुर्चीवरून वाकलो आणि ठशापासून बोर्डापर्यंत वीत टाकली. तीन विती आणि तीन बोटं. मी नेहमी मोजतो त्या हिशेबानं पासष्ट सेंटीमीटर. पाच अठ्ठावन्न आणि पासष्ट. सहा मीटर तेवीस.

माझ्या डोळ्यांदेखत त्या पोरीनं सहा मीटर कधीच मागं टाकले होते आणि ते जगात कुठंच लिहिलं जाणार नव्हतं. मी शर्टाचा बिल्ला काढून त्याच्या मागं पेन्सिलीनं तो आकडा लिहिला. का, ते मलाही सांगता येणार नाही. कागद तेवढाच जवळ होता.

दुसऱ्या उडीला तिनं मागची चूक भरून काढायला शेवटची पावलं ताणली. पाय बोर्डाच्या पार पुढं पडला. लाल निशाण.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दोरीपलीकडं बसलेल्या हंसाबाईच्या पायांकडं पाहिलं. नवी चप्पल पायाच्या पुढं जरा बाहेर येते. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी. पण एका पावलाला एक दाणा, तर एकशे एकतीस पावलांना दीड हात. खिळा दीड हात मागं रोवला गेला होता. सात वर्षांत पहिल्यांदा हंसाबाईचा पाय वाढला होता.

एका वाक्याचं काम होतं. पोरी, खिळा दीड हात पुढं घे. बस. पण मी पंच. पंचानं खेळाडूला सल्ला द्यायचा नसतो. हे मात्र पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि ठळक अक्षरात. सुनील सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गोळाफेकीला बसलेले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आतापर्यंतच्या आयुष्यात मी एकही नियम मोडला नव्हता, आणि त्या दिवशी मला त्याची जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

तिसरी उडी. राखी चिंधीपाशी जाऊन उभी राहिली. मग मला दिसलं की ती उभी राहता राहता जरा पुढं सरकली. चिंधीला हात न लावता, जणू सहज पाय हलवले असावेत तशी. अंदाजानं. आणि ती सुटली.

मी खूप उड्या पाहिल्या. राज्याच्या, देशाच्याही. पण तिच्या शेवटच्या पाच पावलांसारखं काही मी पाहिलेलं नाही. जमिनीला पाय लागत होते की नाही कोण जाणे. बोर्डावर तो आवाज झाला, ती तेरा वर्षांची असताना ऐकलेला तोच, आणि दोरीपलीकडचा आख्खा तांडा उभा राहिला. मी खाली वाकलो. बोर्डाच्या पुढं मऊ मेणासारखी एक पट्टी असते. तिच्यावर एक बारीकशी रेघ उमटली होती. नखाएवढी.

मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून पाहिलं. मग लाल निशाण वर केलं. हात खांद्यातून उखडला तर बरं, असं वाटलं.

सगळं संपल्यावर हंसाबाई नेहमीसारखी खिळा काढायला आली. वाकली आणि वाकूनच राहिली. धावपट्टीच्या धुळीत तिच्याच चपलांचे ठसे ओळीनं उमटलेले होते, एकाला एक चिकटून. मला वाटलं, कंबर धरली असेल. मग तिनं चिंधी पदरात बांधली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, "येतो, सायेब."

राखी सहा मीटरपर्यंत कधीच पोहोचली नाही. पुढं विद्यापीठाच्या स्पर्धेत पाच मीटर सत्त्याण्णव मारली, तीच तिची आयुष्यातली मोठी उडी. तीन सेंटीमीटर राहिले. मग गुडघा गेला. खेळाडूंच्या जागेतून पोलिसात लागली, आता उमरखेडला शिपाई आहे. त्या निवड चाचणीनंतरही दोन वर्षं हंसाबाई मोजायला यायची, पण अनवाणी. आणि पट्टीवर उतरण्याआधी दोन्ही तळवे पदरानं घासून पुसायची. बारीक खडासुद्धा चिकटलेला नको, अशी. मी म्हणायचो, वय झालं की सवयी वाढतात. नव्या चपला कुठं गेल्या, हे मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लागते, सायेब."

गेल्या महिन्यात सुनील सरांचा फोन आला की हंसाबाई गेली. झोपेतच गेली म्हणे. मी रजनीला म्हटलं, जाऊन येतो. बिल्ला कपाटात होता, तो खिशात टाकला.

तांडा आता पुष्कळ बदलला आहे. सिमेंटचा रस्ता, घरोघरी मोटारसायकली. राखी अंगणातच बसली होती. उंबऱ्यापाशी मानीबाई आणि लालीबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. राखीनं मला खुर्ची दिली, चहा आणला. मी दोन घोट घेतले आणि सात वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकलं.

"राखी, मले तुले एक सांगाचं हाय. त्या चाचणीच्या दिवशी तुह्या आईनं चपला घालून मोजलं होतं. म्हणून चुकलं सगळं. मले दुसऱ्या उडीलेच समजलं होतं. म्या सांगितलं नाही."

तिनं माझ्या हातातला कप घेऊन खाली ठेवला.

"मले पयल्या उडीलेच समजलं होतं, सर."

"अवं, पण टेप होता न तुह्या पिशवीत?"

"होता."

"मंग काढला काहून नाही?"

"आख्खा तांडा बसला होता, सर. याडीनं जल्मात पयल्यांदा त्याइच्या समोर मोजलं होतं. तिच्या मोजण्यावर मी टेप लावू?" ती थांबली. "अन् चपला काढू नको म्हून मीच तं म्हटलं होतं. मले वाटलं, अंदाजानं जमन. थोडक्यात राह्यलं."

वीस वर्षांची पोरगी, सहा मीटर समोर ठेवलेले, पिशवीत टेप. आणि तिनं पिशवीला हात लावला नाही. मी नियम पाळला म्हणून गप्प बसलो होतो. ती कशासाठी गप्प बसली होती, ते बघा.

"तिले कधी समजू देलं नाही मी," राखी म्हणाली. "म्हटलं, गुडघा दुखून राह्यला होता त्या दिवशी. तिनंही कधी विचारलं नाही. मले वाटे, बरं झालं, तिले मालूम नाही."

मग ती आत गेली आणि एक जुनं फडकं घेऊन आली. उघडून माझ्यापुढं धरलं. लालसर चामड्याच्या चपला. पितळी फूल तसंच चमकदार. एकदाच घातलेल्या. तिनं त्या उलट्या केल्या. तळाला यवतमाळच्या मैदानातली माती होती आणि कडेला पांढरी फक्की, धावपट्टी आखतात ती.

"तिच्या पेटीत होत्या. पार तळाशी." राखीचा आवाज फुटला. "एक डाव घातल्या अन् तशाच बांधून ठेवल्या. पुसल्याही नाही. तिले मालूम होतं, सर. सात वर्षं मालूम होतं. अन् मले म्हणे, लागते."

मी चष्मा काढला. त्या धुळीत वाकून राहिलेली हंसाबाई मला आता समजली. तळवे पुसणारी हंसाबाईही समजली. मानीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

राखीनं चपला पुन्हा फडक्यात ठेवल्या आणि विचारलं, "सर, तुमी बोर्डापाशी होते. ते पयली उडी बोटापासून किती होती? खरं सांगा."

मी खिशातून बिल्ला काढून तिच्या हातात दिला. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होतं. तिनं वाचलं. ओठ हलले. पुन्हा वाचलं.

"सहा तेवीस," ती म्हणाली.

"काय वं ते?" मानीबाईनं विचारलं.

"काकी, याडीनं चपलीनं मोजलं होतं न, त्या मोजण्यावरून म्या मारलेली उडी."

"मंग? लय हाय का? किती होते ते?"

राखी उठली. तिनं पायातल्या चपला काढल्या. उंबऱ्याला टाच लावली आणि अंगणातून चालू लागली, अंगठ्याला टाच, टाचेला अंगठा. लालीबाई काही बोलायला गेली तर तिचा उजवा हात वर झाला. तुळशीजवळून गेली, उभी केलेली खाट मागं टाकली, मोटारसायकलीच्या चाकाशी येऊन थांबली. एक बोट मुडपलेलं.

"एक वीस आन् सहा," ती म्हणाली आणि बोटानं मातीत रेघ ओढली.

मानीबाईनं उंबऱ्याकडं पाहिलं. रेघेकडं पाहिलं. पुन्हा उंबऱ्याकडं पाहिलं.

"एवढं?"

"एवढं."

"एका उडीत?"

"एका उडीत, काकी."

मी निघालो तेव्हा मानीबाईही घागर घेऊन नळावर जायला उठली. नळ समोरच होता, उंबरा आणि रेघेच्या मधून अंगण ओलांडलं की दहा पावलांवर. पण ती म्हातारी भिंतीच्या कडेकडेनं निघाली, मोटारसायकलीला वळसा घातला आणि रेघेच्या पलीकडून नळावर गेली. लालीबाई तिच्या मागून तशीच गेली.